साक्षीदार वळिवड्याला राहत होते

कोल्हापूरच्या माणसाला पाहुणचार शिकवायला जाऊ नये, एवढी अक्कल आम्हांला आहे. तांबडा-पांढरा पुढे ठेवून 'घ्या की अजून, लाजताय काय!' असा जो दम तो भरतो, त्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. तरीदेखील, वाचकहो, ऐन दिवाळीत त्याच पाहुणचाराविषयी एक तक्रार घेऊन आम्ही आपल्या दारात उभे आहोत. आपण पाहुण्याला पोटभर वाढतो, निघताना शिदोरी बांधून देतो, पुढे सत्तर-ऐंशी वर्षे त्या वाढण्याच्या आठवणी चघळतो. पण 'बाबा रे, तू आलास कुठून, आणि तिथे तुझे काय झाले?' एवढे विचारायचे मात्र राहून जाते. तक्रार ही एवढीच आहे, पण ती साधी नाही.

विषय वळिवड्याचा आहे. पुष्कळांना तो माहीत असेल. नव्या पिढीसाठी चार ओळींत सांगतो. कोल्हापुराहून मिरजेकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात वळिवडे स्टेशनाला येते. या स्टेशनाजवळ १९४३ च्या जुलै महिन्यात, पावसाळ्याच्या दिवसांत, पोलंडच्या निर्वासितांची वसाहत सुरू झाली. सुमारे पाच हजार माणसे; त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे. तट्ट्याच्या भिंतींच्या कौलारू बराकी, कुटुंबागणिक खोली, स्वैपाकाची जागा नि ओसरी. शिवाय चर्च, शाळा, इस्पितळ, सिनेमा, बाजार. एक लहानसा पोलंडच पंचगंगेच्या काठी वसला. १९४८ पर्यंत ही मंडळी इथे राहिली आणि मग इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी दाही दिशांना पांगली. त्यांच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून उखडून आलेली कुटुंबे राहायला आली. दिवाळीचे कापड घ्यायला आपण ज्या गांधीनगरात गर्दी करतो, ते हेच.

कोल्हापुरात जुन्या माणसांजवळ हा विषय काढला की त्यांचे डोळे चमकत. गोऱ्या मुली सायकलींवरून कशा हिंडत, त्यांचे झगे कसे होते, त्यांच्या भट्टीतल्या पावाचा वास कुठवर येई, त्या नदीत कशा बिनदिक्कत पोहत, हे सारे ती माणसे काल घडल्यासारखे सांगत. एखादी मुलगी इथलीच सून होऊन राहिली, कुंकू लावून शुद्ध कोल्हापुरी बोलू लागली, याचेही कौतुक होई. हे सगळे खरे आहे आणि गोडही आहे. अलीकडे तर त्याला सरकारी तोरणे लागली आहेत. महावीर उद्यानात स्मारक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये महायुद्धाच्या सुरुवातीला ऐंशी वर्षे झाली तेव्हा पोलंडचे पाहुणे वळिवड्याला येऊन गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकापाशी फुले वाहिली. कोल्हापूरचे नाव पोलंडच्या राजधानीत दगडावर कोरलेले आहे, याचा आनंद आम्हांलाही आहे. आम्ही काही आकाशातून पडलेलो नाही.

पण समारंभांतली भाषणे ऐकावीत! 'कोल्हापूरच्या महाराजांनी निर्वासितांना आसरा दिला' हे वाक्य प्रत्येक वक्ता छाती फुगवून म्हणतो. छत्रपतींच्या घराण्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये निवर्तले होते, आणि छावणी उघडली त्या वेळी गादीवर दत्तक आलेले बाळराजे दोन वर्षांचेदेखील नव्हते. कारभार रीजन्सीचा होता. जागा संस्थानची, व्यवस्था हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली, आणि खर्च मुख्यतः लंडनमध्ये बसलेल्या पोलंडच्या निर्वासित सरकारच्या खात्यावर. पोलिश मुलांना आपण होऊन जवळ करणारे जे राजे पोलंडमध्ये पूजनीय झाले आहेत, ते नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी. त्यांची छावणी काठेवाडात बालाचडीला होती. ती १९४६ साली मोडली तेव्हा तिथली पुष्कळ मुले वळिवड्याला आली. दोन गोष्टींची गल्लत करून आपण जामसाहेबांची पगडी आपल्या डोक्यावर चढवतो. ही लहान चूक झाली. मोठी चूक याच्या पुढची आहे. पाव, सायकली आणि झगे यांच्या कौतुकात एक प्रश्न बुडून गेला: ही पाच हजार माणसे घरदार सोडून इथवर आली तरी कशी?

'हिटलरच्या छळातून' असे ठोकळ उत्तर आपल्याकडे सर्रास दिले जाते. ते चूक आहे. वळिवड्याची मंडळी हिटलरच्या तावडीतून नव्हे, सोव्हिएत रशियाच्या पोटातून आली होती.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि रशिया यांनी करार केला. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पश्चिमेकडून पोलंडात शिरल्या. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियाच्या फौजा शिरल्या. पूर्व पोलंड रशियात विलीन झाल्याचे जाहीर झाले आणि तिथल्या माणसांना कागदोपत्री सोव्हिएत नागरिक करून टाकण्यात आले. म्हणजे ज्या देशात ही माणसे परकी होती, त्या देशाने त्यांचा परका म्हणून राहण्याचा हक्कदेखील काढून घेतला. मग १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत दारांवर थापा पडल्या. तास-अर्ध्या तासात काय बांधायचे ते बांधा, चला. गुरांचे डबे, मध्ये एक लोखंडी शेगडी, जमिनीला एक भोक. असा दोन-तीन आठवड्यांचा प्रवास. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुसरी खेप, जूनमध्ये तिसरी, आणि १९४१ च्या उन्हाळ्यात चौथी. सोव्हिएत पोलिसांच्या स्वतःच्या वह्यांत या चार खेपांची माणसे तीन लाखांवर भरतात. पोलिश लोकांचे जुने अंदाज त्याच्या कितीतरी पुढचे आहेत.

पहिल्या खेपेची माणसे उत्तरेच्या अरण्यात, अर्खांगेल्स्क नि कोमी भागांत गेली. तिथे झाडे तोडायची. ठरलेले माप भरले तर पावाचा ठरलेला तुकडा. माप कमी तर तुकडाही कमी. वस्तीवर एक कमांडंट, त्याच्या परवानगीविना शेजारच्या गावाला जायची सोय नाही. हिवाळ्यात थुंकी गोठावी अशी थंडी, उन्हाळ्यात डासांचे ढग, आणि बाराही महिने ढेकूण. या लोकांच्या आठवणींत ढेकणांना जेवढी जागा आहे, तेवढी स्टालिनलाही नाही! तिथल्या अंमलदारांच्या तोंडचे एक बोलणे पुष्कळांनी नमूद केले आहे: सवय होईल. सवय झाली नाही तर मराल, हा त्याचा उत्तरार्ध.

एप्रिलच्या खेपेत अटक झालेल्या अधिकाऱ्यांची, शिक्षकांची, नोकरदारांची कुटुंबे होती. त्यांना कझाकस्तानच्या उजाड माळावर, सामुदायिक शेतांवर नेऊन सोडले. ज्या बायकांच्या घरी काल मोलकरणी होत्या, त्यांना कुणाच्या तरी मातीच्या घराचा एक कोपरा भाड्याने घ्यावा लागला. बदल्यात पैसे नाहीत. झगा द्या, चादर द्या, घड्याळ द्या आणि बादलीभर बटाटे घ्या. ट्रंक रिकामी होत गेली तशी हिवाळ्याची भीती वाढत गेली. त्या माळावर झाड नाही, तेव्हा जळण कशाचे? शेणाचे! शेणात काडीकचरा घालायचा, पायांनी तुडवायचे, विटांसारखे तुकडे पाडून उन्हात वाळवायचे. 'किझ्याक' म्हणतात त्याला. आपल्या बायाबापड्या ज्याला शेणी म्हणतात, तीच वस्तू. पियानोवर फिरलेली बोटे दोन हिवाळे शेणात राबली. पुढे वळिवड्याच्या वाटेवर कुंपणाशी रचलेला शेणींचा हुडवा त्यांच्या दृष्टीस पडला असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे आपल्यापैकी कुणाला विचारावेसे वाटले नाही. आपण समजलो, मड्डमांना शेणी काय कळणार!

आणि आनंद? होते, तेही होते. माणूस कुठेही नेऊन टाका, तो आनंदाची एखादी काडी हुडकून काढतोच. प्रवासात मोठ्या स्टेशनांवर उकळत्या पाण्याचा नळ असे. बादलीभर कढत पाणी मिळाले की सबंध डबा खूष. उन्हाळ्यात जंगलात अळंबी आणि रानबोरे मिळत. पोलंडच्या खेडूत बाईला अळंब्यांची पारख शिकवावी लागत नाही. लाकडी बाफगृहात आठवड्यातून एकदा अंग शेकून निघे. १९४१ च्या जूनपर्यंत मागे राहिलेल्या नातलगांकडून कधीमधी पार्सल येई, त्यात सुकवलेला पाव, कांदा, चरबीचा तुकडा. ते उघडायला आजूबाजूची सारी पोरे जमत. नाताळच्या आदल्या रात्री खिडकीला घोंगडे लावून हलक्या आवाजात गाणी म्हणत. आणि एखादी कझाक म्हातारी, स्वतःच्या घरात पीठ नसताना, परक्याच्या पोरापुढे दुधाचे वाडगे सरकवी.

रशियन माणसाविरुद्ध हा लेख आहे असे कुणी समजू नये, म्हणून या म्हातारीचा मुद्दाम उल्लेख केला. त्या वस्त्यांत या पोलिश लोकांना शेजारी भेटले तेही बहुधा उखडलेलेच होते: दहा वर्षांपूर्वी हाकलून आणलेले युक्रेनी शेतकरी, १९३७ साली पूर्व किनाऱ्यावरून उचलून आणलेले कोरियन. वाडग्यातले दूध एका बेदखल माणसाने दुसऱ्याला दिलेले होते. त्या दुधाचे श्रेय राजवटीच्या खात्यावर जमा करू नये, आणि राजवटीचे पाप म्हातारीच्या माथी मारू नये.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि पोलंड अचानक रशियाचा मित्र झाला. जुलैअखेरीस करार झाला, ऑगस्टमध्ये या लोकांना 'माफी' जाहीर झाली. कोणत्या गुन्ह्याची माफी, ते शेवटपर्यंत कळले नाही. दक्षिणेत पोलिश सैन्य उभे राहते आहे, हे ऐकून माणसे पायी, गाड्यांच्या छतांवर, जमेल तशी उझबेकिस्तानकडे निघाली. अरण्यातून वाचलेली कितीतरी तिथे टायफसने आणि भुकेने गेली. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, कास्पियन समुद्र ओलांडून लाखावर माणसे इराणात पहलवी बंदराला उतरली. उवांनी भरलेले कपडे वाळूत जाळले, डोकी भादरली. सुटलो म्हणून ज्यांनी एकदम चरबीचे अन्न पोटात घातले, त्यांतली काही त्या किनाऱ्यावरच संपली. पुढे तेहरान, कराची, आणि मग वळिवडे. पोलिश लोक १ नोव्हेंबरला, आपल्या दिवाळीच्या आगेमागेच, आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात. वळिवड्यात कित्येक आयांना दिवा लावायला थडगेच नव्हते. ते कझाकस्तानच्या माळावर कुठेतरी राहिले होते.

आता त्याच वर्षांत आपण काय करीत होतो ते पाहू. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० साली आले. त्या पुस्तकाने मराठी प्रवासवर्णनाला नवे वळण दिले, ही गोष्ट आम्ही आनंदाने मान्य करतो. ते मराठी वाचक हातात घेत होता त्याच वर्षी गुरांचे डबे लाल ताऱ्याच्या आणखी पूर्वेला चालले होते. युद्धात स्टालिनग्राड लढले. अण्णाभाऊ साठ्यांनी त्यावर पोवाडा रचला आणि कामगारवस्त्यांत तो दुमदुमला. योग्यच केले, स्टालिनग्राडचे शौर्य खोटे नव्हते. पुढे मॉस्कोहून गुळगुळीत कागदाची स्वस्त मराठी पुस्तके येऊ लागली आणि आमच्यासारख्या किती पोरांचे बालपण त्या चित्रांतल्या बर्फावर घसरगुंडी खेळण्यात गेले. रशियावर आपण वर्षानुवर्षे वाद घातले. एक म्हणे स्वर्ग, दुसरा म्हणे नरक. दोघांच्याही हातात पुस्तके. आणि स्टेशनापलीकडे, सायकलीच्या टप्प्यात, त्या देशाचे पाणी प्यालेली पाच हजार माणसे कपडे वाळत घालीत होती!

परका माणूस रशियात कोणत्या वाटेने गेला, यावर त्याला काय दिसेल हे ठरत असे. आमंत्रणावरून गेला तर थोड्या दिवसांत धरण, शिशुगृह आणि नाटक पाहून येई. करारावरचा इंजिनियर गेला, तर १९३० नंतरच्या टंचाईत त्याच्यासाठी वेगळे दुकान होते. तिथे लोणी नि अंडी मिळत. शहरातली बाई त्याच काळात लग्नाची अंगठी देऊन सरकारी 'तोर्गसिन' दुकानातून पीठ आणीत होती. ध्येयापायी गेलेलेही होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे १९२१ साली, व्होल्गाकाठी दुष्काळ पडला त्याच वर्षी, हिंदी क्रांतिकारकांबरोबर मॉस्कोत होते. ते पुढे मेक्सिकोला गेले, तिथे शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. त्यांच्याबरोबरचे वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे सख्खे भाऊ, रशियातच राहिले. २ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांना गोळी घालण्यात आली. अवनी मुखर्जींचेही त्याच वर्षी तेच झाले. हे आपलेच लोक. पाहुणे म्हणून नव्हे, त्या घरचे होण्यासाठी गेलेले. आणि शेवटी वळिवड्याची माणसे, जी गेलीच नव्हती. नेली गेली होती. पाहुण्याची वही आपण छापली, नेलेल्याचे तोंड उघडू दिले नाही.

आमचे एक रशियाप्रेमी स्नेही यावर म्हणतात, 'अहो, युद्ध चालले होते. मित्रराष्ट्राची निंदा कुणी छापली असती?' खरे आहे. सेन्सॉर होता. एप्रिल १९४३ मध्ये कातीनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामुदायिक थडगी सापडल्याचे जाहीर झाले. पोलिश सरकारने चौकशी मागितली म्हणून रशियाने त्याच्याशी संबंध तोडले, आणि मित्रराष्ट्रांनी तोंडावर बोट ठेवले. तीनच महिन्यांनी वळिवडे उघडले. १९४० च्या वसंतात सुमारे बावीस हजार कैदी मारले गेले. त्यांची कुटुंबे त्याच एप्रिलमध्ये कझाकस्तानला पाठवलेली. रशियाने ही गोष्ट कबूल केली ती १३ एप्रिल १९९० रोजी. सेन्सॉर १९४५ साली गेला, माणसे १९४८ पर्यंत इथे होती. तीन वर्षे कुणी अडवले होते?

दुसरा आक्षेप जास्त कडवा आहे, आणि त्यात जीव आहे. 'ज्या १९४३ साली बंगालात लाखो माणसे अन्नाविना मेली, त्याच साली गोऱ्या निर्वासितांना शिधा, शाळा आणि सिनेमा मिळाला. ब्रह्मदेशातून चालत आलेल्या आपल्या माणसांना कुणी कौलारू बराकी बांधल्या?' याला आमच्याजवळ उत्तर नाही, कारण ते बरोबर आहे. इंग्रजांचा हिशेब कातडीच्या रंगावर चाले. पण तो हिशेब इंग्रजांच्या वहीत मांडावा. सायबेरियातून आलेल्या पोराच्या नावावर नको.

तिसरे लोक हल्लीचे आहेत. त्यांना या पोलिश लोकांचे हाल एकदम आठवले आहेत, कारण त्यांतून डाव्यांना हाणायला दांडके होते. या मंडळींशी आमचे मुळीच जमणार नाही. ज्याला वाडग्यातले दूध सांगायचे नाही, नुसते ढेकूण सांगायचे आहेत, तो साक्षीदाराला नव्हे, वकिलाला शोधतो आहे.

भाषेची अडचण सांगाल, तर राजाराम कॉलेजात इंग्रजीचे विद्वान प्राध्यापक होते, आणि छावणीत इंग्रजी जाणणारी माणसे होती. युद्ध संपल्यावर ही माणसे घरी का परतत नाहीत, एवढे विचारले असते तरी पुरे होते. त्यांची घरे असलेला मुलूख १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाला रशियाच्या पदरात पडला होता. परतायचे म्हणजे ज्याच्या तावडीतून सुटले त्याच्याच दारात जायचे. अखेर त्यांनी आपली हकीकत आपणच लिहिली. भारतातल्या वास्तव्याचा जाडजूड ग्रंथ पोलिश भाषेत २००० साली निघाला, पुढे त्याचे इंग्रजी आले. आपण तोवर सायकलींच्या आठवणी सांगत होतो.

दुसऱ्यांना नावे ठेवून झाली. आता घरचे सांगतो. आमची एक आत्या वळिवड्याजवळच्याच एका खेड्यातली. दहा-अकरा वर्षांची असताना वडिलांच्या मागोमाग ती छावणीत दुधाचा रतीब घालायला जाई. तिची एक ठरलेली गोष्ट होती. एका बराकीतल्या बाईच्या हातून पावाचा तुकडा खाली पडला. तिने तो चटकन उचलला, पुसला, ओठांना लावला आणि एप्रनच्या खिशात ठेवला. 'गोऱ्या असल्या तरी अन्नाला पाया पडत्यात बघ,' असे म्हणून आत्या दर वेळी हसायची, आणि आम्हीही हसायचो.

पुष्कळ वर्षांनी, या लोकांची हकीकत आमच्या वाचनात आल्यावर, एका दिवाळीत करंज्या तळता तळता आम्ही तिला विचारले, 'आत्या, त्या बाईला कधी विचारलंस का, ती कुठली, तिचा नवरा कुठं असतो?'

'भाषा कुठं येत होती रं मला?' आत्या म्हणाली. झारा तसाच हातात धरून ती थोडा वेळ कढईकडे बघत राहिली.

'पन पोस्टमन आला की ती पळायची,' ती म्हणाली. 'रोज. मी रतीब घालत हुते तवर पळत हुती.'